मुलाच्या हाती व्हिडिओ गेम कधी द्यावा?

प्रश्न : माझा मुलगा पुढच्या महिन्यात पाच वर्षांचा होईल. त्याचा मावसभाऊ आठ वर्षांचा असून त्याच्याकडे गेमिंग कन्सोल आहे. त्याच्याकडे चार दिवस राहून आल्यापासून आमच्या घरी ‘मलाही हवे’ हा एकच धोशा सुरू आहे. त्याच्या वडिलांचे म्हणणे असे, की गेममुळे मुले चलाख होतात आणि आज ना उद्या द्यायचेच आहे, तर आताच का देऊ नये? सासूबाईंच्या मते दहा वर्षांपर्यंत मुलाला स्क्रीनला हातसुद्धा लावू देऊ नये. मला दोघांचेही थोडे थोडे पटते आणि म्हणूनच काही ठरवता येत नाही. मूल नेमक्या कोणत्या वयात यासाठी तयार होते, हे आपण सांगाल का? — एक आई

उत्तर : वयाचा आकडा मी सांगते, पण तेवढ्याने तुमचा प्रश्न अर्धाच सुटेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दोन वर्षांपर्यंतच्या मुलांना स्क्रीनसमोर बसवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांचा स्क्रीनसमोर बसण्याचा वेळ दिवसाला एका तासाहून अधिक नसावा, कमी असेल तितके बरे, असे त्यांत म्हटले आहे. हा तास सगळ्याचा मिळून आहे, म्हणजे सकाळी पाहिलेली कार्टूनही त्यातच धरायची. त्याच तत्त्वांत तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तासांची झोप आणि दिवसभरात किमान ३ तासांची हालचाल हवी, असेही सांगितले आहे. पालकांनी हे दोन आकडे आधी वाचावेत, असे मला मनापासून वाटते, कारण झोप आणि हुंदडणे यांतून जो वेळ उरतो, त्यातच गेमला जागा शोधायची असते.

दुसरा आकडा गेमच्या वेष्टनावर किंवा डाउनलोडच्या पानावर असतो आणि त्याचा अर्थ लावण्यात पुष्कळ पालकांची गल्लत होते. अमेरिकेत १९९४ पासून ईएसआरबी आणि युरोपात २००३ पासून पेगी या संस्था गेमला वयोगटाचा शिक्का देतात. पेगीचे शिक्के ३, ७, १२, १६ आणि १८ असे आहेत. गेममध्ये हिंसा, भीतीदायक दृश्ये, शिवीगाळ, जुगार असे मुलांना न शोभणारे काही आहे का, हे मुख्यतः हा आकडा सांगतो. गेम किती अवघड आहे आणि तुमच्या मुलाचा स्वभाव कसा आहे, याच्याशी त्याचा संबंध नसतो. बुद्धिबळाच्या साध्या गेमवर ३ हा शिक्का असू शकतो, म्हणून तीन वर्षांचे मूल बुद्धिबळ खेळू लागत नाही. शिवाय हे आकडे सगळीकडे सारखेही नसतात. माइनक्राफ्टला युरोपात ७ चा शिक्का आहे, तर अमेरिकेत तोच गेम दहा वर्षांवरील मुलांसाठी मानला जातो. त्यामुळे शिक्क्यावरील आकड्याहून लहान मुलाला गेम देऊ नये हे खरे, पण मूल त्या वयाचे झाले म्हणजे लगेच द्यावा, असे मात्र समजू नये.

मग पाहायचे काय? बोटे भराभर चालतात का, हे पाहू नका. बोटे तीन वर्षांच्या मुलाचीही चालतात आणि त्याचे आपल्याला उगाच कौतुक वाटते. मी आधी मूल हरते कसे, हे पाहते. मध्यंतरी पाच-साडेपाच वर्षांच्या दोन मुलांबरोबर सापशिडी खेळत बसले होते. मुलीची सोंगटी अगदी वर, शेवटच्या ओळीत होती. एक दान पडले आणि सापाने तिला खालच्या ओळीत आणून सोडले. तिचा ओठ थरथरला, डोळे भरून आले, ती काही क्षण त्या सापाच्या तोंडाकडे नुसती बघत राहिली आणि मग मुठीत फासा घेऊन म्हणाली, ‘आता परत माझी पाळी कधी?’ थोड्या वेळाने मुलावर तीच वेळ आली. त्याने पट उलथवला आणि तो कॉटखाली जाऊन बसला. दोघांच्या वयात जेमतेम दोन महिन्यांचे अंतर होते. त्या मुलाचे काही चुकले, असे मी मानत नाही, कारण रडीचा डाव हा त्या वयाचा धर्मच आहे. पण व्हिडिओ गेममध्ये असा साप दर अर्ध्या मिनिटाला गिळतो, आणि तिथे पाठीवर हात ठेवणारे कोणी समोर बसलेले नसते. सापशिडीत हरल्यावर जे मूल पुन्हा फासा हातात घेते, त्याला गेममधले हरणेही पेलते.

त्याहून महत्त्वाचे असते ते थांबणे. मुलाचा आवडता खेळ, मग ते ठोकळे असोत की चित्र रंगवणे, ऐन रंगात आला असताना पाच मिनिटे आधी सांगून त्याला आंघोळीला बोलवा. कुरकुर करत, पाय ओढत का होईना, पण ते येते का? कुरकुरीचे काही वाटून घेऊ नका, येणे महत्त्वाचे. रोजच्या रोज त्याला उचलून न्यावे लागत असेल, तर स्क्रीनसमोरून उठवणे त्याच्या दसपट कठीण जाणार, हे धरून चाला. ठोकळ्यांचा मनोरा पूर्ण होतो, सापशिडीचा डाव संपतो. अनेक गेम मात्र मुळात संपतच नाहीत, एक लेव्हल सरते न सरते तोच दुसरी सुरू होते. मोठ्यांनाही तिथून उठवत नाही. स्वतःला आवर घालण्याची मेंदूची क्षमता तर विशीपर्यंत घडत असते, तेव्हा पाच वर्षांच्या मुलाकडून ती अपेक्षा किती करायची, याचे भान आपणच ठेवायला हवे.

आणखी एक गोष्ट पाहा. दिवसभरात जे घडले, ते तुमचा मुलगा आपणहून सांगतो का? भीती वाटली, कोणी काही बोलले, हातून काही मोडले, तर तो तुमच्याकडे येतो की लपवतो? स्क्रीनवर नको ते दिसल्यावर धावत येऊन सांगणारे मूल निम्मे सुरक्षित असते.

तुमच्या यजमानांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. वेगवान गेम खेळणाऱ्यांचे दृश्य अवधान, म्हणजे नजरेसमोरच्या गोष्टी लक्षपूर्वक टिपण्याची क्षमता, सुधारते, असे दाखवणारे प्रयोग २००३ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून ‘गेममुळे बुद्धी वाढते’ हे वाक्य घरोघरी पोहोचले. पण ते प्रयोग तरुणांवर झाले होते आणि सरावासाठी त्यांना दिलेला गेम युद्धाचा, गोळ्या झाडण्याचा होता. पाच वर्षांच्या मुलाला तो कोणी दाखवणारही नाही. या वयाच्या मुलाची चलाखी वाढते ती माणसांशी बोलून, वस्तू हाताळून, पडून आणि उठून. सासूबाईंच्या दहा वर्षांच्या आकड्याला मला आधार सापडत नाही. मात्र घाई करू नये ही त्यांची जाण खरी आहे आणि मूल बाहेर उजेडात किती खेळते याची काळजी त्या करत असतील, तर ती डोळ्यांच्या दृष्टीनेही योग्यच आहे.

आता तुमच्यापुरते सांगते. कन्सोल सध्या घेऊ नका. सहा महिने सापशिडी, पत्ते, लपंडाव असे हार-जीत असणारे खेळ भरपूर खेळा. त्यानंतर, वर सांगितलेल्या गोष्टी बऱ्यापैकी जमू लागल्या असतील, तर आठवड्यातून दोन दिवस वीस-वीस मिनिटे, तुम्ही किंवा त्याचे वडील शेजारी बसून, एकच गेम सुरू करा. तो इंटरनेटशिवाय चालणारा, अनोळखी लोकांशी बोलण्याची सोय नसलेला आणि आत काहीही विकत घेता न येणारा असावा. लेव्हल लहान आणि स्पष्टपणे संपणाऱ्या असाव्यात, दोघांनी मिळून खेळता आला तर फारच उत्तम.

मुलाला देण्याआधी तो गेम तुम्ही स्वतः अर्धा तास खेळा. हे मी आग्रहाने सांगते, कारण जाहिरातीतून जे कळत नाही, ते यात कळते. अलीकडेच लहान मुलांसाठी म्हणून मिळणारा एक फुकट गेम मी उघडून पाहिला. तिसऱ्याच मिनिटाला मांजराचे पिल्लू रडू लागले आणि पेटीत बंद असलेली त्याची चेंडूची भेट सोडवण्यासाठी पडद्यावर एक मोठे, हिरवे, धडधडणारे बटण आले. नको म्हणण्यासाठी होती ती कोपऱ्यातली करड्या रंगाची फुली, तांदळाच्या दाण्याएवढी. जाहिरातीमागचा विकण्याचा हेतू मुलांना साधारण सात-आठ वर्षांपर्यंत नीट कळत नाही. पिल्लू रडते आहे, एवढेच त्यांना कळते. गेममधल्या बक्षिसाच्या पेटीतून कधी काय निघेल हे अनिश्चित ठेवतात, त्यामागेही विचार असतो. बक्षीस ठरावीक अंतराने न देता अधूनमधून, अनपेक्षितपणे दिले, तर प्राणी तीच कृती पुन्हा पुन्हा करत राहतो, हे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवरच्या प्रयोगांतून केव्हाच दाखवून दिले आहे. बटणांच्या फसव्या रचनेमुळे खेळाडूंकडून नको असलेली खरेदी झाली आणि मुलांनाही पालकांच्या संमतीवाचून खरेदी करता आली, या आरोपावरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेशी २०२२ मध्ये झालेल्या तडजोडीत फोर्टनाइट या गेमच्या कंपनीने २४ कोटी ५० लाख डॉलर परत करण्याचे मान्य केले. तेव्हा खरेदीसाठी पासवर्ड लावल्याशिवाय उपकरण मुलाच्या हातात देऊ नका.

प्रश्न : आमची थोरली मुलगी दहा वर्षांची आहे आणि तिला रोज अर्धा तास गेम खेळण्याची मुभा आहे. धाकटा चार वर्षांचा. तो तिच्या मांडीवर चढून बसतो आणि हातातले हिसकावून घेतो. त्याला दूर ठेवावे, की त्यालाही थोडा वेळ द्यावा? — दोन मुलांचे वडील

उत्तर : मैदानावर मोठ्या मुलांच्या खेळात धाकट्याला लिंबूटिंबू म्हणून घेतात, तसे इथे करता येत नाही. लिंबूटिंबूवर राज्य येत नाही, पण स्क्रीनवर जे दिसते, ते त्यालाही दिसतेच. दहा वर्षांच्या मुलीला शोभणारा गेम चार वर्षांच्या मुलाला भिववू शकतो. शक्य असेल तर थोरलीची वेळ तुम्ही धाकट्याला फिरायला नेता, तेव्हाची ठेवा. तिच्या अर्ध्या तासातून त्याला वाटा काढून देऊ नका. तिच्यावर तो अन्याय होईल आणि त्याची सुरुवातही रडून मिळवलेल्या गोष्टीने होईल. आठवड्यातून एकदा, त्याच्या वयाला चालेल असा गेम निवडून तिघांनी एकत्र बसावे आणि ताईने त्याला शिकवावे. मोठ्या बहिणी हे काम आपल्याहून अधिक धीराने करतात, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : सात वर्षांच्या मुलाला आम्ही वर्षभरापूर्वी टॅबलेटवर गेम दिला. आता बंद कर म्हटले की तो थयथयाट करतो, परवा त्याने आईवर हात उगारला. हे व्यसन आहे का? कायमचे बंद करून टाकावे का? — एक चिंतित बाबा

उत्तर : व्यसन हा शब्द इतक्या लवकर वापरू नका, आणि मुलासमोर तर मुळीच नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली असून तिच्यात गेमिंगच्या विकाराचा समावेश आहे. पण त्याच्या निदानासाठी खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सगळ्यापेक्षा गेम महत्त्वाचा होऊन बसणे आणि नुकसान होत असतानाही तो सुरूच राहणे, हे सर्वसाधारणपणे १२ महिने दिसावे लागते. जेवण, झोप, शाळा, मित्र हे सगळेच बिघडले असेल, तर बालरोगतज्ज्ञांना अवश्य भेटा. तसे नसेल, तर तुमच्या मुलाला गेम थोडा लवकर मिळाला आहे, एवढाच याचा अर्थ मी घेईन. दिलेली गोष्ट परत घेता येते, त्यात कमीपणा नाही.

दोन-तीन आठवडे गेम पूर्ण थांबवा. ‘तू हात उगारलास म्हणून’ असे न म्हणता, ‘हा आम्ही तुला लवकर दिला, ती आमची चूक झाली’ असे त्याला शांतपणे सांगा. पहिले चार-पाच दिवस कठीण जातील. त्या दिवसांत तुमचा स्वतःचा फोनही संध्याकाळी बाजूला असू द्या, नाहीतर तो ते लगेच दाखवून देईल आणि त्याचे बरोबरच असेल. पुन्हा सुरू कराल तेव्हा संपणारा गेम निवडा आणि मिनिटांऐवजी डाव मोजा, कारण लेव्हल अर्ध्यावर असताना घड्याळ पाहून टॅबलेट ओढून घेतला, तर कोणालाही राग येतो. ‘दोन लेव्हल झाल्या की बंद’ असे आधी ठरवा, दुसरी सुरू झाली की शेजारी जाऊन बसा, तो काय करतो आहे ते त्याला विचारा आणि ती संपल्यावर बंद करण्याचे बटण त्यालाच दाबू द्या.