फुल फ्रेम कॅमेऱ्यासाठी अल्ट्रा-वाइड लेन्स कोणती घ्यावी: १४-३० एफ ४ की २० एफ १.८?

तुम्ही विचारलंय की निकॉनचा नवा झेड ६ टू कॅमेरा घेतलाय, सोबत २४-७० एफ ४ लेन्स आहे, आता सह्याद्रीतल्या भटकंतीसाठी आणि "घरच्या कार्यक्रमात सगळे एका फोटोत मावावेत म्हणून" अल्ट्रा-वाइड, म्हणजे खूप रुंद दृश्य घेणारी लेन्स हवीये. (१४, २४ हे आकडे फोकल लेंग्थचे, मिलिमीटरमध्ये: लहान आकडा, तितकं दृश्य रुंद. एफचा आकडा लहान, तितका उजेड जास्त.) भटकंतीचं उत्तर दोन ओळींत संपतं. मी लिहायला बसलोय ते "सगळे मावावेत म्हणून" या तीन शब्दांपायी. या तीन शब्दांनी माझे आठ हजार रुपये घालवलेत आणि सख्ख्या मामांशी दहा-अकरा वर्षं वाद लावून दिलाय.

दोन ओळी आधी उरकतो. झेड १४-३० एफ ४ घ्या. वजन ४८५ ग्रॅम, आणि १४ पासून सुरू होत असूनही पुढची काच फुगीर नसल्यानं ८२ मिमीचा साधा स्क्रूवाला फिल्टर बसतो. एफ २.८ च्या मागे लागू नका. गडावर तुम्ही एफ ८ नाहीतर ११ वरच असणार, मग त्या एका स्टॉपचं, म्हणजे दुप्पट उजेडाचं, ओझं कशाला वाहायचं?

आता ते आठ हजार.

माझी पहिली अल्ट्रा-वाइड म्हणजे निकॉनची जुनी १४-२४ एफ २.८, डी ३ कॅमेऱ्याबरोबर २००७ साली आलेली. मी ती २०१३ साली मुंबईच्या बोरा बाजारातून सेकंडहँड घेतली, माझ्या डी ७०० कॅमेऱ्याला लावायला. किलोभर वजन, आणि पुढची काच बेडकाच्या डोळ्यासारखी बाहेर आलेली. लेन्स म्हणून अप्रतिम, त्याबद्दल माझं आजही दुमत नाही. मामांचं होतं. मामांचा साताऱ्यात स्टुडिओ, यशिका कॅमेऱ्यावर शेकडो लग्नं काढलेला माणूस, मी शिकलो तेही त्यांच्याच हाताखाली. त्यांनी ती लेन्स लावून दुकानातून रस्त्याकडं बघितलं, कॅमेरा खाली ठेवला आणि म्हणाले, "भाच्या, ह्यात माणसं मावत्यात रं, पण माणसासारखी राहत्यात का?"

मी हसलो. हसायला नको होतं.

२०१४ च्या मे महिन्यात वाईकडच्या एका जुन्या वाड्यात लग्न होतं. हॉल नाही, वाडाच. चौकात मधोमध तुळशीवृंदावन, समोर ओसरी, सागवानी खांब, आणि मला मागं सरकायला जेमतेम बारा फूट, त्यापुढं भिंत. मुलाकडच्यांचा फॅमिली ग्रुप काढायचा होता, सतरा माणसं. मामांची नेहमीची पद्धत म्हणजे वडीलधारी खुर्च्यांवर, बाकीचे मागं उभे, पोरं खाली सतरंजीवर. पण त्या घरात मानपान असा की मागच्या रांगेत जायला कुणी तयार होईना. शेवटी मामांनीच सगळ्यांना ओसरीच्या कडेनं एका ओळीत लावलं. मधे नवरा-नवरी, मग आईवडील, काका-काकू, आणि डाव्या टोकाला नवरदेवाची थोरली आत्या, पैठणीत.

हिशोब सोपा आहे. बारा फुटांवरून २४ नं जेमतेम १८ फूट रुंदी मावते, १४ नं तीस फूट. मामा म्हणाले, "दोन तुकड्यांत काढ, नाहीतर माडीवर चढ." मी म्हणालो, "मामा, चौदा आहे की!"

व्ह्यूफाइंडरमध्ये काय सुंदर दिसत होतं म्हणून सांगू. खांब ओळंब्यात, तुळया सरळ, जोत्याची कड फूटपट्टीनं आखल्यासारखी. सतराच्या सतरा माणसं आत. मी चार फ्रेम काढल्या आणि पंगतीला गेलो.

अल्बम बारा बाय छत्तीसचा केला होता. त्यात हा फोटो दोन्ही पानांवर पसरून, आडवा. आठवडाभरानं नवरदेवाचे वडील अल्बम काखेत मारून दुकानात आले, तो काउंटरवर उघडला आणि आत्याबाईंवर बोट ठेवलं. "आमची ताई अशी आहे?"

नव्हती. अंगानं बेताच्या असलेल्या आत्याबाई तिथं दीडपट रुंद झाल्या होत्या. चेहरा फणसासारखा आडवा, खांदा पानाच्या कडेकडं ओढलेला, हातातल्या ताटातला नारळ अंड्यासारखा लांबट. आणि त्यांच्यामागचा खांब मात्र काटकोनात उभा, जसाच्या तसा. वडील म्हणाले, "खांब बरोबर आलाय, मग ताईलाच काय झालं?"

प्रश्न शंभर टक्के रास्त होता, आणि सेल्समन लोक नेमकं हेच सांगत नाहीत. लेन्स जितकी निर्दोष, तितकं हे होणारच. सरळ रेषा सरळ ठेवायच्या ही तिची कामगिरी, आणि तिची किंमत गोल वस्तूंना कडेला मोजावी लागते. कॅमेऱ्यातला फोटो टिपणारा सेन्सर सपाट आहे. कडेचा प्रकाश त्यावर तिरका पडतो, म्हणून संध्याकाळच्या सावलीसारखा लांबतो. भिंत, दार, खांबांची रांग ही कॅमेऱ्याला समांतर असेल तर तिला काही होत नाही. डोकं, पोट, नारळ यांचा मात्र लांबोडा होतो. आकड्यांत सांगायचं तर फ्रेमच्या अगदी डाव्या-उजव्या कडेला १४ ला साधारण १.६ पट, २० ला १.३५, २४ ला १.२५ आणि ३५ ला १.१२. लेन्स लाखाची असो की दहा हजारांची, ३६ मिमी रुंद सेन्सरवर हे आकडे बदलत नाहीत, कारण यात काचेचा दोषच नाही, निव्वळ भूमिती आहे. लाइटरूम या फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये 'डिस्टॉर्शन करेक्शन'ची खूण केली की हे जातं असं समजू नका, ते करेक्शन रेषा सरळ करण्यासाठी असतं. माणसं परत गोल करणारी सॉफ्टवेअर मिळतात, पण ती चालवली की खांब वाकतात. कुणाला वाकवायचं ते तुम्ही ठरवा.

मी तेव्हा तिशीच्या आत होतो आणि मला हे सगळं ठाऊक असल्याचा गर्व होता. म्हणून मी त्या गृहस्थांना समजावायला गेलो. सेन्सर ३६ मिलिमीटर, फोटो ३६ इंच, लेन्स १४, म्हणजे फोटोच्या बरोबर मध्यासमोर चौदा इंचांवर एक डोळा ठेवून बघितलं की आत्याबाई पुन्हा होत्या तशा दिसतात. हे शब्दशः खरं आहे, तुम्ही करून बघा. मी फूटपट्टी आणली. त्या भल्या माणसानं एक डोळा झाकून, काउंटरवर वाकून, चौदा इंचांवरून बघितलंसुद्धा. मग सरळ झाले, अल्बम मिटला आणि विचारलं, "आता आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी असं वाकवू का?"

शेवटचा हप्ता आठ हजारांचा होता. तो आला नाही.

तेव्हापासून मामांचं पालुपद, "भिंगानं आत्या फुगवली." दुकानात कुणीही वाइड लेन्सचं नाव काढलं की ही गोष्ट सुरू होते, आणि दरवेळी आत्याबाई आणखी दोन बोटं रुंद होतात. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे: भिंगानं नाही मामा, रांगेनं फुगवली. रांग कुणी लावली? तीच सतरा माणसं दोन ओळींत, मधल्या दोनतृतीयांश भागात उभी असती, तर १४ असूनही कुणाला पत्ता लागला नसता. टोकाला कुंडी ठेवायची, खांब ठेवायचा, अगदीच कुणी हवं असेल तर मांडवातला सर्वांत हडकुळा करवला. ज्यांचा मान मोठा त्यांना कडेला लावणं ही चूक लेन्स घेण्याआधीची आहे.

म्हणून तुमच्या घरच्या कार्यक्रमांसाठी माझा सल्ला एकच, हीसुद्धा नका घेऊ आणि तीसुद्धा नका घेऊ. तुमच्याकडं २४-७० आहे ना? ती २८-३५ वर ठेवा, दोन रांगा करा, स्टूलवर चढा. जागा कमीच पडली तर २४. बारशाला १४ नेऊ नका. बाळाची आजी तुम्हाला आयुष्यभर ऐकवील.

मग १४ कशासाठी? ती जवळ जाण्यासाठी असते, हे माझ्या डोक्यात कासला शिरलं. सप्टेंबरात साताऱ्याहून वर गेलो होतो. आधी तासभर सगळे करतात तेच केलं, पठार "मावावं" म्हणून उभ्यानं फोटो काढले. सगळ्यांत तेच, खाली हिरवी पट्टी, वर ढगांची पट्टी, फुलं म्हणजे मधे कुणी गुलाल सांडल्यासारखी. कंटाळून वाटेच्या कडेला पोटावर झोपलो, कुंपणाच्या बाहेरूनच (आत पाय टाकू नका, खरंच), आणि तेरड्याच्या एका झुपक्याला लेन्स जवळजवळ टेकवली. ही २८ सेंटिमीटरवर फोकस होते, तेही सेन्सरपासून मोजून, म्हणजे काचेपासून फूल वीतभरही लांब नसतं. पाकळीवरचा थेंब बोराएवढा, आणि त्याच्यामागं अख्खं पठार, सुरू होणारा पाऊस, सगळं आपापल्या जागी. कोकणकड्यावरही तेच. कड्याचा अर्धगोल मावतो म्हणून सगळे तिथं वाइड लावतात आणि घरी येऊन कडा एवढुसा का दिसतो म्हणून विचारतात. पायाजवळचा खडक निम्म्या फ्रेममध्ये घ्या, मग कडा खोल दिसतो.

आता जरा माघार. वर एफ ४ पुरे म्हणालो ते दिवसाउजेडी. गडावर मुक्काम करून आकाशगंगा काढायची असेल तर माझं सगळं बोलणं उलटं वाचा. एफ १.८ म्हणजे एफ ४ च्या जवळजवळ पाचपट उजेड, तिथं २० एफ १.८ च. तारे रेघा होऊ नयेत म्हणून शटर किती सेकंद उघडं ठेवायचं ते काढायला ५०० ला फोकल लेंग्थनं भागतात, २० ला २५ सेकंद येतात, मी १५ च्या वर जात नाही. ही २० वजनाला ५०५ ग्रॅम, फिल्टर ७७ चा. दोन्ही घ्यायला पैसे असतील तर मला कशाला विचारताय?

आणखी एक, १४-३० ला पोलरायझर, म्हणजे चमक घालवणारा आणि आभाळ गडद करणारा फिल्टर, लावून निळं आभाळ काढू नका. सूर्यापासून काटकोनात आभाळ सर्वांत गडद होतं, आणि इतक्या रुंद फ्रेममध्ये मधोमध काळा डाग पडल्यासारखं दिसतं. ओल्या खडकावरची चमक घालवायला मात्र जरूर लावा. सेकंडहँड घेणार असाल तर मागून टॉर्च मारून बुरशी बघा. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात चांगल्या चांगल्या लेन्स कपाटात सडतात. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल, बास.

आणि मामांबद्दल लिहिलंच आहे तर हेही लिहितो. रांग त्यांनी लावली होती हे खरं. पण आत्याबाई स्वतः मला म्हणाल्या होत्या, "अरे, मला अशी कडेला नको, मी मधे येते." मी व्ह्यूफाइंडरमधून डोळासुद्धा न काढता म्हणालो होतो, "आत्या, तिथंच थांबा, मस्त येतंय." हे मामांना माहीत नाही. त्या आठ हजारांतले चार हजार त्यांनी त्यांच्या गल्ल्यातून मला दिले होते, माझा कॅमेऱ्याचा हप्ता चुकू नये म्हणून. ते मी अजून परत केलेले नाहीत.