मॅकवर विंडोजमधला गेम सारखा बंद पडतोय? आधी एवढं बघ

भावा, लगेच विंडोज परत टाकायला बसू नकोस. नवीन माणूस हमखास तेच करतो आणि अख्खा रविवार घालवतो.

आधी ‘अबाउट धिस मॅक’ उघडून चिप बघ.

- इंटेल: बूट कॅम्प (मॅकवर थेट विंडोज टाकायची ॲपलची सोय) चालतं. ग्राफिक्सचा ड्रायव्हर जुना असेल तर आधी तो बदल.
- एम१ किंवा पुढची (ॲपलची स्वतःची चिप): बूट कॅम्प नाहीच. पॅरलल्स या ॲपमध्ये, म्हणजे मॅकच्या आतच, आर्म विंडोज (अशा चिपसाठीचं विंडोज) चालतं, पण अँटी-चीटवाले (खेळातली लबाडी पकडणारी यंत्रणा असलेले) बरेच ऑनलाइन गेम तिथं उघडत नाहीत. त्यात तुझी चूक नाही.

आणि उष्णता! मे महिन्यात राजारामपुरीतल्या खोलीत मी मॅकबुक गादीवर ठेवून खेळायचो; वीस मिनिटांत गेम बंद. जेवायच्या पाटावर ठेवला, ग्राफिक्स मीडियमवर आणले, बंद पडायचं थांबलं.

एका वेळी एकच बदल कर. रजिस्ट्रीला (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदींना) आत्ता हात नको. चिप कुठली निघाली ते सांग, पुढचं बघूया.