वाणी किड्याच्या डब्यात घाम कशानं धरते?

प्रश्न : दादा, पावसाळ्यात आमच्या वावरात वाणी किडे, म्हणजे ते मिलिपीड, लय निघतात. माझ्या सातवीतल्या पोरानं त्यातले काही प्लास्टिकच्या डब्यात पाळले, खाली वावरातली काळी माती टाकली अन् झाकणाला खिळ्यानं भोकं पाडली. पण डबा आतून सारखा घामेजते, मातीवर पांढरी बुरशी आली अन् किडे भिंतीवर चढून बसतात. फेक म्हटलं तर रडते. चावतील का हो? – एक आई, दर्यापूर तालुका

उत्तर : फेकायला सांगू नका ताई, पोरगं चांगलं काम करून राहिलं, फक्त डब्यात हवा फिरत नाही. सगळी भोकं वरच असली की दमट हवा खाली तशीच बसून राहते. समोरासमोरच्या दोन बाजूंना भोकं पाडा, एका बाजूला मातीच्या जरा वर अन् दुसऱ्या बाजूला पार झाकणाजवळ, म्हणजे हवा इकडून शिरून तिकडून निघते. सुआ तापवून पाडा, पण ते तुम्ही करा, पोराला देऊ नका. आतून मच्छरजाळी चिकटवा.

आता हवा पाहिजे म्हणून अख्खं झाकणच काढाल तर तेही नको. या किड्याला अंगावरची श्वासाची छिद्रं बंद करता येत नाहीत, कोरड्या हवेत त्याच्या अंगातलं पाणी भराभर उडते. ओल मातीत राहू द्या, वरची हवा खेळती ठेवा. श्रावणात सगळी भोकं उघडी, अन् मे महिन्यात पारा ४५ कडं गेला की निम्म्यांवर टेप लावा, डबा टिनाखालून काढून माठाजवळ गार जमिनीवर ठेवा, कूलरच्या झोतात मात्र नको.

काळी माती एकटी वापरू नका, ओली झाली की चिकटून तिच्यात हवाच उरत नाही. थोडीशी माती, बाकी आंब्या-जांभळाचा कुजका पाचोळा अन् हातानं चुरा होते असं सडकं लाकूड, तेच त्याचं खाणं पण आहे. वरून अंड्याच्या टरफलाचा भुगा टाका, कवचाला चुना लागते. फवारलेल्या धुऱ्यावरचा पाला अजिबात आणू नका, निलगिरीचा पण नको. मूठ दाबली तर गोळा झाला पाहिजे, पाणी गळलं नाही पाहिजे. थर किड्याच्या लांबीपेक्षा जाड ठेवा, कात टाकायला तो खाली जाऊन बसते, तेव्हा अंग मऊ असते, दिसला नाही म्हणून मेला समजून उकरू नका.

चावत नाही तो, चावते ती गोम. गोमीला दर कप्प्याला पायाची एक जोडी, याला बहुतेक कप्प्यांना दोन, पोराला मोजून पाहू द्या. फक्त घाबरला की उग्र रस सोडते, तो डोळ्याला लागला तर लय आग होते, म्हणून हात लावला की साबणानं धुवायचा म्हणजे धुवायचाच.

अन् कधी सोडायचे झाले तर नुकत्याच पेरलेल्या वावरात नको, सोयाबीन-कपाशीचे कोवळे कोंब खातात, धुऱ्यावरच्या झाडाखाली पाचोळ्यात सोडा.