‘चमत्कार’ हा शब्द आला कोठून?

प्रश्न : ‘चमत्कार’ हा शब्द ‘चमकणे’ या क्रियापदावरून आला आहे का? इंग्रजी ‘मिरॅकल’चाही मूळ अर्थ तोच आहे का?
(एक वाचक, सातारा)

उत्तर : संस्कृतात ‘चमत्’ हा आश्चर्याचा उद्गार आहे. ‘हुंकार’ किंवा ‘धिक्कार’ यांच्याप्रमाणे त्याला ‘कार’ जोडला गेला आणि ‘चमत्कार’ शब्द सिद्ध झाला. म्हणजे पाहणाऱ्याच्या तोंडून आपसूक जे निघाले, त्यावरून घटनेला नाव मिळाले. ‘चमकणे’ हे याच शब्दाच्या गोतावळ्यातले क्रियापद आहे. ‘हाक ऐकून तो चमकला’ या वाक्यात प्रकाशाचा मागमूसही नसतो, असतो तो केवळ अचानक बसलेला धक्का. पाठीत भरणारी चमकही तशीच ध्यानीमनी नसताना येते.

आज ‘चमत्कार’ म्हटले की पैठणला ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदवल्याची कथा आठवते, परंतु संस्कृत काव्यशास्त्राने हा शब्द रसिकाच्या अनुभवासाठी योजला होता. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त चमत्कार म्हणजे चित्ताचा विस्तार, विस्मयाचेच दुसरे नाव, अशी व्याख्या दिली आहे. एखादी ओवी ऐकताना मन क्षणभर मोठे झाल्यासारखे वाटते, त्या अवस्थेला इतका नेमका शब्द मला दुसरा आढळलेला नाही. समीक्षेतील ‘चमत्कृती’त तो अर्थ थोडाफार टिकून आहे, ‘चमत्कारिक माणूस’ म्हणताना मात्र आपण त्याला पार विक्षिप्तपणापर्यंत खाली आणले, याची खंत वाटते.

‘मिरॅकल’चे मूळ लॅटिन ‘मिराक्युलम’ आहे. ‘आश्चर्याने पाहणे’ या अर्थाच्या ‘मिरारी’ या क्रियापदापासून तो शब्द बनला असून ‘मिरर’ म्हणजे आरसा हाही त्याच घराण्यातला आहे. अनेक भाषाशास्त्रज्ञ या लॅटिन शब्दांचे नाते संस्कृत ‘स्मि’ धातूशी, म्हणजेच आपल्या ‘स्मित’ आणि ‘विस्मय’ यांच्याशी जोडतात. तेव्हा दोन्ही शब्दांची व्युत्पत्ती वेगळी असली, तरी दोहोंच्या मुळाशी पाहणाऱ्याचे आश्चर्यच आहे.

पोर्तुगीजमध्ये याच लॅटिन शब्दातील ‘र’ आणि ‘ल’ यांची अदलाबदल होऊन ‘मिलाग्र’ झाले, आणि ते रूप गोव्यात पोहोचले. म्हापशाची मिलाग्रीस सायबीण म्हणजे चमत्कारांची माता. तिला शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानतात, आणि तिच्या फेस्ताला ख्रिस्ती भाविकांबरोबर हिंदू भाविकही तेल घेऊन रांगेत उभे असतात.