बेसमेंटचं भाडं धरून घर घेताय? मग आई-वडील कुठे झोपतील ते आधी ठरवा

तुम्ही विचारलंय की कॅनडाची पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, हातात आलीय, बायको आणि दोन मुलांना घेऊन वर्षभरात टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टन किंवा मिसिसागाला येताय, तर बेसमेंट भाड्याने देता येईल असं घर घ्यावं का? म्हणजे हप्त्याला हातभार लागेल आणि आई-वडील आले की त्यांचीही सोय होईल. या शेवटच्या अर्ध्या वाक्यासाठी मी लिहायला बसलेय. डाउन पेमेंट किती, लँड ट्रान्स्फर टॅक्स किती, हे सगळं सरकारी संकेतस्थळांवर व्यवस्थित आहे. ते मी पुन्हा लिहीत नाही.

हप्ता भागवणारं बेसमेंट आणि आई-वडिलांचं बेसमेंट ही एकच जागा असू शकत नाही. ऑंटॅरिओत, म्हणजे आपल्या या प्रांतात, वर्षाचा करार संपला म्हणून भाडेकरू निघत नाही, करार आपोआप महिन्या-महिन्याने पुढे चालू राहतो. आपल्याकडच्या अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सची सवय डोक्यातून काढून टाका. आई-वडिलांना राहायचंय म्हणून नोटीस देता येते. तिला एन-१२ म्हणतात, ६० दिवसांची मुदत आणि एका महिन्याच्या भाड्याएवढी भरपाई. पण जो राहायला येणार, तो निदान एक वर्ष राहणार असला पाहिजे. मे महिन्यात येऊन गणपतीआधी परतणाऱ्या आई-वडिलांसाठी ही नोटीस नाहीच. सुपर व्हिसावर, म्हणजे इथे राहणाऱ्यांच्या आई-वडिलांसाठीच्या खास व्हिसावर, एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, हे खरं. पण आपलं घर, नेहमीचे डॉक्टर, कट्ट्यावरचे मित्र सोडून बाबा इतके दिवस राहतील, असं मला कधीच वाटलं नव्हतं.

बरं, भाडेकरू काही काळ ठेवायचाच नाही, असं म्हणाल. २०२२ च्या सुरुवातीला बँक ऑफ कॅनडाचा, म्हणजे इथल्या मध्यवर्ती बँकेचा, व्याजदर ०.२५ टक्के होता, जुलै २०२३ मध्ये तो ५ टक्के झाला. मॉर्टगेज, म्हणजे गृहकर्ज, साधारण पाच वर्षांनी नव्या दराने ठरतं, आणि व्हेरिएबल, म्हणजे बदलता दर असेल तर त्याआधीच झळ बसते. भाडं सोडून देणं तेव्हा आमच्या हातात नव्हतं. आई-बाबा आले तेव्हा खाली भाडेकरू होते आणि ते दोघं वर लेकीच्या खोलीत राहिले. इथल्या बहुतेक घरांत झोपायच्या खोल्या आणि आंघोळीची सोय वर असते, तळमजल्यावर नुसतं टॉयलेट. बाबांचे गुडघे दुखायचे. सकाळी आंघोळ करून कठडा धरत, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत ते एकदा खाली यायचे, ते रात्री झोपायलाच वर जायचे. दुपारी सोफ्यावर बसल्या-बसल्या पेंगायचे. "वर जाऊन पडा ना," म्हटलं की "इथे बरंय" म्हणायचे. आता त्यांना प्रवास झेपत नाही. तो एकच उन्हाळा ते माझ्या घरी राहिले, आणि जिना आठवला की अजून माझा घसा दाटून येतो.

आता कागदपत्रं. डाउन पेमेंटचे पैसे कुठून आले हे बँक नव्वद दिवस मागपर्यंत बघते. थोडी रक्कम बाबांनी दिली होती. त्यासाठी गिफ्ट लेटर, म्हणजे हे पैसे भेट आहेत, उसने नाहीत असं पत्र लागतं, ते त्यांनी सही करून पाठवलं. पण त्यांचं आडनाव वेगळं, माझं वेगळं, आणि पासपोर्टवर मधलं नाव नवऱ्याचं. ते माझे वडील कशावरून, असं मला विचारलं गेलं. लग्नाचा दाखला मराठीत, त्याचं प्रमाणित भाषांतर. डिग्रीवर माहेरचं नाव, म्हणून वेगळं प्रतिज्ञापत्र. मी माझ्या बापाची मुलगी आहे हे सिद्ध करायला मला क्लोजिंगच्या, म्हणजे घर ताब्यात यायच्या, आदल्या आठवड्यापर्यंत पळावं लागलं. तेव्हा नावांचे सगळे दाखले आणि त्यांची भाषांतरं निघण्याआधीच करून घ्या. भारतातून पैसे आणताना दहा लाखांच्या वर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो. तो रिटर्न भरल्यावर वळता होतो, पण ऐन गरजेच्या वेळी हातात नसतो. पुण्याचा फ्लॅट विकायचाच असेल तर निघण्याआधी विका. एकदा अनिवासी झालात की खरेदीदाराला बराच जास्त कर कापावा लागतो, आणि तो कमी करून घ्यायला वेगळं प्रमाणपत्र काढत बसावं लागतं.

बेसमेंटबद्दल थोडक्यात. जाहिरातीत "सेपरेट एंट्रन्स" लिहिलंय म्हणून ते कायदेशीर ठरत नाही. दोन्ही शहरांत दुसऱ्या युनिटची, म्हणजे घरातल्या वेगळ्या बिऱ्हाडाची, नोंदणी लागते, ती आहे का हे रिअल्टरला, म्हणजे घराच्या एजंटला नाही, पालिकेला विचारा. नोंदणी नसेल तर भाडं उत्पन्नात धरायला बऱ्याच बँका तयार नसतात, आणि विमा कंपनीला भाडेकरूची कल्पना दिली नसेल तर दाव्याच्या वेळी पंचाईत होते. डॅमेज डिपॉझिट घेता येत नाही, फार तर शेवटच्या महिन्याचं भाडं आगाऊ. बाजूच्या वाटेवरचा बर्फ तुम्हीच काढायचा. कर भरताना भाड्याच्या भागावर घसारा घेऊ नका, घर विकताना राहत्या घराची करसवलत त्यामुळे अडचणीत येते.

शाळेचं मात्र मला सविस्तर सांगायचंय. आमच्या मागच्या खिडकीतून शाळेचं मैदान दिसतं. त्या शाळेसाठी आम्ही जास्त पैसे मोजले. नाव घालायला गेलो तर वर्ग भरलेले. नवीन वस्तीतली मुलं बसने दूरच्या शाळेत पाठवायची, असं ठरलेलं होतं. लेक तिथे पोर्टेबलमध्ये, म्हणजे मैदानात उभ्या केलेल्या तात्पुरत्या खोलीत शिकली. कुठे जरा मैत्रिणी जमल्या, तर हद्दी बदलल्या आणि तिला पुन्हा शाळा बदलावी लागली. समोरच्या मैदानावर मधल्या सुट्टीत ओरडणारी मुलं बघत ती बसची वाट बघायची. "आई, मी तिथे का नाही?" या प्रश्नाला मला कधी नीट उत्तर देता आलं नाही. आता ती मोठी झालीय, हा विषय काढत नाही. माझा राग गेलेला नाही. ऑफर देण्याआधी त्या घराचा नंबर सांगून शाळा मंडळाला फोन करा. नुसत्या गल्लीच्या नावावर विश्वास ठेवू नका.

एकटेपणाचं तुम्ही विचारलेलं नाही. मंडळं आहेत, गणपती होतात, माणसं जोडली जातात. पहिल्या हिवाळ्यात नवरा रात्रपाळीला असायचा, तेव्हा खालच्या पंजाबी जोडप्याच्या कुकरची शिट्टी ऐकू आली की मला आधार वाटायचा. भाडेकरूंनी मला भाड्यापेक्षा जास्त दिलं, हेही तुम्हाला कळायला हवं.

म्हणून माझं उत्तर: घर घ्या, बेसमेंट भाड्यानेच द्या, आणि ते कायमचं गेलं असं धरून बाकीचं घर बघा. तळमजल्यावर एक खोली आणि शॉवर असलेलं पूर्ण बाथरूम आहे का, किंवा ते काढायला जागा आहे का, हे स्वयंपाकघराच्या आधी तपासा. अशी घरं कमी असतात आणि थोडी महाग पडतात. त्यासाठी वरची एक बेडरूम कमी मिळाली तरी चालेल.