नवव्या दिवसानंतर

प्रिय मुला,

प्रभूमध्ये आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. २४ नोव्हेंबरला संत फ्रान्सिस झेवियरची नोव्हेना, म्हणजे सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू झाली, तेव्हा जुन्या गोव्यात बॉम जेझुस चर्चमध्ये गुडघे टेकून तू शपथ घेतलीस की आता दारूचा थेंबही नाही. नऊ दिवस पाळलीस. ३ डिसेंबरला त्याचं फेस्त, म्हणजे सण, झालं आणि त्याच रात्री कळंगुटच्या रेस्टॉरंटमधली शिफ्ट संपवून घरी येताना तू पर्राच्या रस्त्यावरच्या बारपाशी थांबलास. आता विचारतोस, ‘माझ्यात विश्वासच नाही का?’

विश्वास आहे, नाहीतर हे पत्र आलंच नसतं. चुकलं ते शपथेत. नऊ दिवसांची शपथ दहाव्या दिवशी संपते, आणि मन ते तारखेसकट लक्षात ठेवतं. येशूने सांगितलेलं आठव (मत्तय १२:४३-४५): अशुद्ध आत्मा निघून गेला, घर झाडून लखलखीत झालं, पण रिकामंच राहिलं, म्हणून तो आणखी सात सोबत्यांना घेऊन परतला. तू नऊ दिवस घर झाडलंस. रात्री साडेअकरा ते साडेबारा, ज्या तासात तू पितोस, त्या तासात मात्र काहीच नवं आणून ठेवलं नाहीस. म्हणून यापुढे मोठी शपथ नको. नवस करून न फेडण्यापेक्षा तो न केलेलाच बरा, असं बायबलमधला उपदेशकही सांगतो (उपदेशक ५:५). रोज सकाळी उठल्यावर, तोंड धुण्याआधी, फक्त त्या दिवसापुरतं प्रभूला सांग. उद्याचं उद्या.

आता पडण्याची रीत समजून घे. थोर पोप ग्रेगरीने पापाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: सूचना, गोडी आणि संमती. सूचना आली म्हणजे पाप झालं असं नाही. ती तर येशूलाही आली (इब्री ४:१५). गोडी म्हणजे ती सूचना जिभेवर घोळवत बसणं. पाप ठरतं ते संमतीने. तुझी चूक इथे होते की संमती बारच्या काउंटरवर दिली जाते असं तू धरून चालतोस, आणि सगळं बळ तिथल्या झुंजीसाठी राखून ठेवतोस. तुझं पत्र नीट वाचलं तर संमती साडेदहालाच दिलेली दिसते. शेवटची टेबलं उठलेली असतात, तू स्टोअरच्या दाराशी उभा राहून टिप्स मोजतोस, शंभराच्या दोन-तीन नोटा वेगळ्या करून शर्टाच्या खिशात दुमडून ठेवतोस आणि बाकीच्या पाकिटात जातात. त्या दुमडलेल्या नोटा म्हणजे तुझी संमती. पुढचा तासभर तू फक्त तिची अंमलबजावणी करतोस. झगडायचं ते साडेदहाला. तिथे मोह अजून लहान असतो.

म्हणून हे कर. टिप्स मोजायच्याच नाहीत. आहेत तशा पाकिटात घालून घरी आईच्या हातात द्यायच्या, जवळ पेट्रोलपुरते शंभर रुपये. शिफ्ट सुटण्याआधी स्टाफचं जेवण जेवल्याशिवाय निघायचं नाही. पोट रिकामं, पाय दुखतायत आणि मॅनेजरने सगळ्यांसमोर बोललेलं मनात खदखदतंय, अशा वेळी तू जे मागतोस त्यातलं निम्मं तरी भात आणि झोप मागणं असतं. अर्धा लिटर पाणी पी. आणि रस्ता बदल: पर्रावरून नको, साळगावहून गिरीमार्गे म्हापशाला ये. थोडं लांब पडेल. योसेफाने पोटिफराच्या बायकोशी वाद घातला नाही, वस्त्र तिच्या हातात सोडून तो पळाला (उत्पत्ती ३९:१२). काही मोहांपुढे पळणं हेच शौर्य आहे, आणि दारूचा मोह त्यातलाच. तल्लफ आली तर घड्याळ बघ. बहुतेक वेळा ती अर्ध्या तासात ओसरते. तेवढ्यात तू घरी पोचलेला असतोस.

दुसरं, वही. संत फ्रान्सिस झेवियर ज्या संत इग्नेशिअसच्या, म्हणजे जेझुइट संघाच्या संस्थापकाच्या, सोबतीत घडला, त्याची ही पद्धत. एकच दोष निवडायचा, सगळे एकदम नाहीत. आठवड्याच्या सात दिवसांसाठी रेषांच्या सात जोड्या आखायच्या. सकाळी उठताना त्या दोषापासून सावध राहायचं ठरवायचं. दुपारी जेवणानंतर थांबून सकाळपासूनचे तास आठवायचे आणि जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके पहिल्या रेषेवर द्यायचे. रात्री तसेच दुसऱ्या रेषेवर. घसरल्याक्षणी हात छातीवर ठेवायचा. चारचौघांतही कुणाच्या लक्षात येत नाही. मग सकाळची रेष रात्रीच्या रेषेशी, आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा मागच्याशी ताडून पाहायचा. माझी त्यात एक भर: ठिपक्याशेजारी वेळ लिही, आणि नोटा दुमडल्यास तर प्यायला नसलास तरी ठिपका दे. तीन आठवड्यांत वहीच सांगेल की कुठला वार आणि कुठला तास तुझा वैरी आहे.

तिसरी गोष्ट बोलायला अवघड आहे. तू एकदा पणजीला कुमसार घेतोस, म्हणजे फादरपुढे पापांची कबुली देतोस, एकदा म्हापशाला, एकदा जुन्या गोव्याला. प्रत्येक फादरला तू पहिल्यांदाच पडलेला मुलगा वाटतोस. असं करू नकोस. एकच फादर धर, दर पंधरा दिवसांनी जा, आणि ‘थोडी घेतली’ असं न म्हणता किती वेळा, किती आणि त्यापायी कुणाशी खोटं बोललास ते सांग. आईला ‘ओव्हरटाइम होता’ सांगितलंस ना, तेही. फादर कुमसाराची गुप्तता मोडूच शकत नाहीत, त्यामुळे लपवण्याचं कारणच उरत नाही. इग्नेशिअस म्हणतो की सैतान चोरून प्रेम करणाऱ्या लबाड माणसासारखा वागतो. गोष्ट बापाच्या किंवा नवऱ्याच्या कानावर गेली की त्याचा डाव संपतो. फादरखेरीज आणखी एका माणसाला ठाऊक असू दे.

पडलास तर? तू लिहिलंयस, ‘एक घेतली, शपथ मोडलीच, मग पाच घेतल्या.’ पहिल्या ग्लासाने शपथ मोडली असेल, पण दुसरा ग्लास हा नवा निर्णय असतो आणि तो नाकारता येतो. एकावर उठून आलास तर तो दिवस वाया गेला असं धरू नकोस. आणि पुढच्या रविवारी मिस्सा चुकवू नकोस. लाजेने एक रविवार जातो, मग दुसरा, आणि तिसऱ्या रविवारी लाजही वाटेनाशी होते. नीतिमान सात वेळा पडतो आणि उठतो (नीतिसूत्रे २४:१६). तिथे न पडण्याची अट घातलेली नाही.

एक गोष्ट शरीराची, ती पापात मिसळू नकोस. सकाळी हात थरथरणं, घाम, ग्लास घेतल्यावरच स्थिर वाटणं, असं तुला होत नाही म्हणतोस, म्हणून वरचं सगळं लिहिलं. तसं कधी सुरू झालं तर मात्र एकाएकी सोडू नकोस. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवलं तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दोन ते चार दिवसांत भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. तेव्हा प्रार्थना करत बांबोळीच्या मानसोपचार रुग्णालयात जायचं. डॉक्टरकडे जाणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे.

आता नाताळ येतोय. तुझी खरी कसोटी बारमध्ये नाही, वाड्यावर आहे. खुरसाकडे, म्हणजे वाड्यावरच्या क्रुसापाशी, लादीन (सामूहिक प्रार्थना) म्हटली की उकडलेल्या चण्यांच्या ताटलीबरोबर फेणीचा छोटा ग्लास फिरतो, आणि देणारा प्रेमाने देतो. तिथे ‘आज नको’ म्हणू नकोस. त्यात ‘उद्या चालेल’ दडलेलं असतं आणि समोरचा ते बरोबर ऐकतो. ‘मी घेत नाही’ म्हण, एकदाच, हसून, कारण न देता. कारण दिलंस की त्याला उत्तर मिळतं. लादीन संपायच्या आधीच कोकमाचं सरबत हातात घे. भरलेल्या हातात कुणी दुसरा ग्लास देत नाही. चणे घे, म्हाताऱ्यांशी बोल आणि जे घर सगळ्यात आधी निघेल त्यांच्याबरोबर निघ. ३१ च्या रात्री तुझी शिफ्ट आहेच. त्या दिवशी टिप्स जास्त पडतील आणि सगळेच पीत असतील. रात्री साडेदहाला स्टोअरपाशी जाण्याआधी मला फोन कर. मी जागा असेन.

तुझा,
प्रभूमधील वडीलधारा