अमेरिकेचे अध्यक्ष आणि तिथलं पक्षीय ध्रुवीकरण, म्हणजे दोन पक्षांमधली वाढती दरी, यांवर आयुष्यभर संशोधन करणारे प्राध्यापक नेमकं करतात काय?

तुम्ही लिहिलंय की एमए संपत आलंय, या विषयात पीएचडी करायची आहे, आणि घरचे विचारतात, "बातम्या बघायला पीएचडी कशाला?" घरच्यांना सांगा, त्या पीएचडीत बातम्या बघायला वेळच मिळत नाही. मी याच विषयाच्या आसपास अमेरिकेत पीएचडी केली आणि आता तिथेच शिकवते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

अध्यक्षपदाचा अभ्यास करणाऱ्याची पहिली पंचाईत म्हणजे मुळात अध्यक्षच कमी. वॉशिंग्टनपासून आजवर पन्नास माणसंही झालेली नाहीत, आणि त्यातली निम्म्याहून जास्त रेडिओ यायच्या आधीची. एवढ्याशा उदाहरणांवरून नियम काय काढणार? राज्यशास्त्रज्ञ रिचर्ड न्यूस्टॅट यांनी अध्यक्ष ट्रूमन यांच्या व्हाइट हाउसमध्ये काम केलं होतं. त्या अनुभवावर १९६० साली त्यांनी पुस्तक लिहिलं आणि मांडलं की अध्यक्षाची खरी ताकद हुकूम सोडण्यात नाही, समोरच्याला पटवण्यात आहे. पण व्हाइट हाउसमधली नोकरी काही सगळ्यांच्या नशिबी नसते.

त्यामुळे पुढची मंडळी काँग्रेसकडे, म्हणजे तिथल्या संसदेकडे वळली. तिथे १७८९पासूनच्या नावानिशी मतदानाच्या नोंदी आहेत. कीथ पूल आणि हॉवर्ड रोझेन्थाल या संशोधकांनी १९८०च्या दशकात त्यांवरून प्रत्येक सदस्याला डाव्या-उजव्या विचारांच्या पट्टीवर जागा दिली. टीव्हीवर दाखवतात तो दोन पक्ष एकमेकांपासून लांब लांब जातानाचा आलेख बहुतेक वेळा याच कामातून आलेला असतो. गंमत म्हणजे १९५० साली अमेरिकी राज्यशास्त्रज्ञांच्या संघटनेच्याच एका समितीची तक्रार होती की दोन्ही पक्षांमध्ये पुरेसा फरक नाही!

आता एक खरी कारकीर्द बघा. राज्यशास्त्रज्ञ फ्रान्सिस ली यांनी व्हँडरबिल्ट विद्यापीठात पीएचडी केली, पुढे मेरिलँड आणि आता प्रिन्स्टन विद्यापीठात शिकवतात. १९९९चं पहिलं पुस्तक ब्रूस ओपेनहायमर यांच्यासोबतचं, आणि त्यात ध्रुवीकरण हा विषयच नाही. छोट्या-मोठ्या सगळ्या राज्यांना सिनेटच्या, म्हणजे काँग्रेसच्या वरच्या सभागृहाच्या, दोनच जागा मिळतात, त्याचे परिणाम काय, हा त्याचा विषय. मग सिनेटच्या मतदानात खोल शिरल्यावर त्यांना दिसलं की एखादा विषय अध्यक्षांनी आपला म्हणून उचलला की दोन पक्ष त्यावर जास्त फाटतात. ज्या विषयांवर एरवी भांडण नसतं, तिथे हा परिणाम उलट जास्त. म्हणजे अध्यक्षाने नुसतं तोंड उघडलं तरी विरोधकांना विरोधाचं कारण मिळतं. न्यूस्टॅट यांच्या पटवण्याच्या सिद्धांताला हा चांगलाच चिमटा आहे. २००९च्या पुस्तकात हा धागा आहे.

२०१६च्या पुस्तकात त्यांनी विचारलं की पक्षांमधलं हे भांडण कशामुळे वाढलं. १९५५ ते १९९५ अशी सलग चाळीस वर्षं प्रतिनिधिगृह, म्हणजे काँग्रेसचं खालचं सभागृह, डेमोक्रॅट्सकडे होतं. हरणं ठरलेलंच असेल तर अल्पमतातला पक्ष जुळवून घेतो आणि पदरात पडेल ते घेतो. पुढची निवडणूक जिंकता येईल असं दिसलं की मात्र तो सहकार्य करत नाही, फरक ठसवतो. याचा पुरावा कुठे शोधला, तर पक्षनेत्यांच्या कार्यालयांतल्या कर्मचाऱ्यांच्या जुन्या याद्यांत. पदनामं तपासत गेलं की प्रसिद्धी सांभाळणारी माणसं दशकागणिक वाढताना दिसतात. हे काम करायला भलता चिवटपणा लागतो, आणि मला ते फार आवडतं.

कर्जमर्यादेवरचं, म्हणजे सरकारने जास्तीत जास्त किती कर्ज काढायचं यावरचं, मतदानही असंच बोलकं. ती वाढवण्याची जबाबदारी अध्यक्षांच्या पक्षाने उचलायची, विरोधकांनी हात झटकायचे. मार्च २००६मध्ये बुश अध्यक्ष असताना सिनेटमध्ये ठराव ५२ विरुद्ध ४८ असा कसाबसा पास झाला. विरोधात मत देणाऱ्यांत सिनेटर ओबामाही होते. २०११मध्ये तेच अध्यक्ष म्हणून मर्यादा वाढवून मागत होते आणि रिपब्लिकन अडून बसले होते. आधीचं मत चूक होतं, हे ओबामांनी तेव्हा कबूलही केलं.

२०२०चं पुस्तक जेम्स करी यांच्याबरोबरचं. त्याचा निष्कर्ष असा की एवढ्या ध्रुवीकरणातही बहुतेक कायदे दोन्ही पक्षांची मतं घेऊनच होतात. आरडाओरडा वेगळा, कायदा वेगळा. स्वतःच्याच विषयाची मर्यादा अशी ठळक दाखवणारे संशोधक थोडे.

ही पद्धत भारतावर लावू असा विचार असेल तर जपून. १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे आपल्याकडे व्हिप, म्हणजे पक्षाचा मतदानाचा आदेश, मोडला तर सदस्यत्व जाऊ शकतं, शिवाय बरंच काम आवाजी मतदानाने उरकतं. त्यामुळे खासदाराच्या मतदानावरून त्याचं स्वतःचं मत कळत नाही.

व्यवहाराचं थोडक्यात सांगते. पीएचडीला पाच-सहा वर्षं, पुढे नोकरी मिळालीच तर टेन्यूरसाठी, म्हणजे ती कायम होण्यासाठी, तेवढीच. नोकऱ्या कमी आहेत, हे घरच्यांपासून लपवू नका. प्रवेश घेताना फी माफ आणि स्टायपेंड मिळत नसेल तर सरळ नाही म्हणा. संख्याशास्त्र आणि 'आर' ही त्यासाठीची संगणकभाषा आतापासूनच शिकायला घ्या. अर्ज साधारण डिसेंबरात जातात. त्यात सध्याच्या अध्यक्षांवर एक परिच्छेदसुद्धा खर्च करू नका, तो सगळेच लिहितात. त्यापेक्षा उत्तर ठाऊक नसलेला एखादा छोटा प्रश्न आणि त्यासाठी कुठल्या नोंदी चाळणार, हे लिहा.